स्वतःचं ताट उचलण्याला तारा कशाला?

मुलांनी घरातलं काम केलं की तक्त्यावर तारा आणि ठरलेले तारे जमले की बक्षीस, ही मुलांच्या घरकामावरच्या लेखात सुचवलेली पद्धत मला अर्धीच पटली. स्वतःचं ताट घासायला ठेवणं, दप्तर जागेवर लावणं याला तारा देऊच नये. ते घरात राहण्याचाच भाग आहे. गच्ची धुणं, माळा आवरणं अशा जास्तीच्या कामाला बक्षीस द्यावं, जरूर द्यावं.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर पुढे मोकळ्या वेळात त्यांचं चित्रं काढणं बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्मंच राहिलं. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं मात्र कमी झालं नाही. म्हणून आमिष आधी दाखवू नये, कौतुक नंतर करावं.

आमच्या इंदूरमध्ये कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीला द्यावा लागतो. माझी नात सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन स्वतः फाटकाशी जाते. बाद झालेले पेन्सिल सेल ती वेगळ्या डब्यात ठेवते, आम्ही विसरलो तर आठवण करते. हे काम तिचं आहे, हे सगळ्या घराला ठाऊक आहे, याचा तिला फार अभिमान वाटतो. आजोबा मात्र कधीमधी दहाची नोट तिच्या हातावर ठेवतात. ते बंद व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा रविवारी छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत काय खायचं ते तिला ठरवू द्यावं.