डॉक्टर, चाळिशीतल्या बाईला तुम्ही स्वतःहून विचारा

ऑक्टोबर आला की आमच्या सांगलीत स्तनांच्या कॅन्सरबद्दलचे गुलाबी फलक लागतात. 'चाळिशीनंतर दरवर्षी मॅमोग्राफी.' म्हणजे स्तनांचा एक्स-रे. पण बीपी-शुगरसाठी आपण वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे जातो, त्या डॉक्टरांपैकी किती जण बाईला स्वतःहून विचारतात, "ताई, स्तनांची तपासणी कधी केलीय का?" माझं म्हणणं त्यांच्याशी आहे. फलक वाचून बाई जात नाही. डॉक्टरांनी तोंडानं सांगितलं तर जाते.

शिफारशी एकसारख्या नाहीत, हे मान्य. अमेरिकेतला प्रतिबंधक आरोग्यसेवांचा तज्ज्ञ गट आधी पन्नाशीपासून मॅमोग्राफी सांगायचा, २०२४ पासून ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी सांगतो. इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांत सरसकट मॅमोग्राफी नाहीच: ३० ते ६५ वयाच्या बाईला दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेनं हातानं तपासायचं. हे सगळं घरात कुणाला हा आजार नाही, कसलाच त्रास नाही, अशा बाईसाठी. आई किंवा बहिणीला झाला असेल, तर तिचा विचार वेगळा आणि लवकर करावा लागतो.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलनं मुंबईतल्या दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. दर दोन वर्षांनी असं तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्यानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. मॅमोग्राफीचंही तसंच. तरुण वयात स्तन घट्ट असतात, फोटोत नीट दिसत नाही, नसलेल्याची शंका येते. मग सोनोग्राफी, सुईची तपासणी, घरभर घोर. तपासणीचं पॅकेज विकताना हे कुणी बोलत नाही. बाई शहाणी असते हो, दोन्ही बाजू सांगा, ती ठरवेल.

आणि शिबिरं फक्त ऑक्टोबरातच का? तेव्हा तासगाव-पलूसकडं द्राक्षाची छाटणी, मग फेलफूट, म्हणजे वेलीचे जादा फुटवे, काढणी. दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? उपकेंद्रात बाईच तपासायला हवी, आडोसा हवा, आणि शंका आली तर मिरजेला कुणाकडं जायचं हे चिठ्ठीवर लिहून मिळायला हवं.

गाठ हाताला लागली असेल, तर मात्र वरचं वय-बिय काही बघू नका. दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका. त्याच आठवड्यात दाखवा.