ओवी उचलू नका, अध्याय वाचा

बायबलने माणूस बदलतो की नाही, यावर वाद घालताना श्रद्धावंत आणि नास्तिक दोघंही हातात एकेक ओवी घेऊन येतात. एकाची भिंतीवर टांगलेली, दुसऱ्याची मोबाईलमध्ये साठवलेली. ती ओवी ज्या अध्यायातली, तो अध्याय बहुतेक वेळा दोघांनीही वाचलेला नसतो. सुट्या ओवीचा असर संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ. माणूस हलतो तो सलग वाचनाने, आणि तेही बहुधा त्याने स्वतः निवडलेला नसतो अशा भागाने.

यिर्मया २९:११ घ्या, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायातली अकरावी ओवी. देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, भविष्य आहे, आशा आहे. मुलाखतीच्या आदल्या रात्री हमखास फॉरवर्ड होणारी ओवी. आता फक्त एक ओवी मागे जा. तिथे अट आहे: बाबेलची (बॅबिलोनची) सत्तर वर्षं भरल्यावर. हा भाग म्हणजे यिर्मया संदेष्ट्याने तिथे बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि ते ऐकणारी मोठी माणसं परतीच्या आधीच मरणार, हे त्या आकड्यातच आहे. म्हणून वर सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नोकरीची हमी म्हणून ही ओवी कुचकामी आहे. नको त्या जागी दीर्घकाळ राहावं लागलेल्या माणसाला मात्र तिच्याइतकं कामाचं क्वचितच काही सापडेल.

नास्तिकांची आवडती ओवी मत्तय ७:१, दुसऱ्याचे दोष काढू नका. कोणी बोट दाखवलं की ती ढाल पुढे करायची. चार ओव्या पुढे मात्र आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायला सांगितलंय, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. कुसळ काढायचंच आहे, फक्त क्रम ठरवून दिलाय.

‘डोळ्याबद्दल डोळा’ ही दुसरी. क्रौर्याचा पुरावा म्हणून ती पुढे केली जाते. तिची जागा कळायला थोडं मागून यावं लागतं. बायबलच्या पहिल्या ग्रंथात, उत्पत्ती ४ मध्ये, भावाचा खून करणाऱ्या काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांसमोर बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्याहत्तरपट. पुढच्या ग्रंथातला, निर्गम २१ मधला, नियम या वाढत्या सूडाला लगाम घालतो: एका डोळ्याला एकच डोळा, जास्त नाही. मग मत्तय १८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू उत्तर देतो, साताच्या सत्तर वेळा. तिथले ग्रीक शब्द तेच आहेत, जे जुन्या कराराच्या (बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाच्या) ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी येतात. त्यामुळे काही भाषांतरं तिथेही सत्याहत्तर असंच लिहितात. सूडाचा आकडा उचलून क्षमेला लावलाय. हा धागा देव मानणाऱ्यालाही दिसतो, न मानणाऱ्यालाही. उचललेल्या ओवीत तो कुणालाच दिसत नाही.

मुळात हे आकडे मूळ लेखकांचे नव्हेतच. अध्याय पाडले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराच्या ओव्यांना आजचे आकडे १५५१ मध्ये एका मुद्रकाने, रोबेर एस्तिएनने, दिले. शोधायला सोय झाली, तोडायलाही झाली.

तोडण्याची दोन टोकं इतिहासात आहेत. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने १८२० च्या सुमारास शुभवर्तमानांतले, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांतले, उतारे पात्याने कापून नवं पुस्तक चिकटवलं. चमत्कार वगळले, आणि कबरीवर धोंडा लोटल्यावर पुस्तक संपवलं. त्याआधी, १८०७ मध्ये, लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी वेचक बायबल छापलं गेलं. त्यातून इस्राएल लोकांची मिसरातून सुटका गाळली. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे ठेवलं. परिणामाची खरी कबुली मला या दुसऱ्या कात्रीत दिसते. कापणाऱ्याला नेमकं माहीत होतं की कुठला भाग माणसाला उभं करतो.

आता वाचायचं कसं. जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्यात २६०, एकूण ११८९ (कॅथलिक बायबलमध्ये आणखी ग्रंथ आहेत). रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतं. हिशेब बरोबर आहे, पण एक जानेवारीला उत्पत्तीपासून निघालात तर चौथ्या आठवड्यात निर्गम २५ येतं. तिथून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, हात-हात मापं, आणि लगेच लेवीय या पुढच्या ग्रंथातले होमबळी. गाडी इथेच रुतते. गांधीजींनी आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहिलंय की उत्पत्तीनंतरचे अध्याय वाचताना त्यांना झोप यायची आणि गणना हे पुस्तक आवडलं नाही. डोंगरावरील प्रवचन मात्र थेट हृदयाला भिडलं.

म्हणून आधी मार्कचं शुभवर्तमान, सोळा अध्याय, दीड-दोन तासांत एका बैठकीत. मग मत्तय ५ ते ७, म्हणजे तेच डोंगरावरील प्रवचन, एकूण १११ ओव्या, पंधरा-वीस मिनिटांचं काम. तेच सात दिवस रोज. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. तो येऊ द्यावा, कारण ओळखीचे शब्द गुळगुळीत वाटायचे थांबतात ते त्यानंतरच. वाचताना ‘हे अमक्याला लागू पडतं’ असं वाटलं की समजावं, गाडी मुसळावरून घसरली. नंतर उत्पत्ती, आणि निर्गम विसाव्या अध्यायापर्यंत. देव न मानणाऱ्याने जुन्या करारातल्या उपदेशक या ग्रंथापासून सुरुवात केली तरी चालेल, बाराच अध्याय आहेत. तिथल्या ‘व्यर्थ’मागचा हिब्रू शब्द म्हणजे वाफ, श्वास. हे लक्षात ठेवलं की तो ग्रंथ रडका वाटत नाही.

ईयोब, म्हणजे सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट सांगणारा ग्रंथ, मात्र जपून. त्याच्या मित्रांची भाषणं फार सुंदर आहेत आणि सांत्वनाच्या कार्डांवर छान दिसतात. शेवटी, ४२:७ मध्ये, देव म्हणतो की हे लोक माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत. त्या मित्रांनी एकच गोष्ट नीट केली, ती २:१३ मध्ये आहे: सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोललं नाही.

दुःखातल्या माणसाला आपण लगेच स्तोत्र २३ देतो. हिरवी कुरणं, संथ पाणी. आधी ८८ द्यावं. अठरा ओव्या, कुठेही दिलासा नाही, आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार. तेविसावं आठवड्याने दिलं तरी चालतं.