फॉरेनला बघा म्हणे, गारेगार असतं!

मामेभावाने फॅमिली ग्रुपवर परत तेच टाकलंय. मे महिन्यात पोरांना घेऊन कुठल्यातरी जुन्या म्युझियममध्ये गेला, घामाघूम झाला, आणि आता म्हणतोय जुन्या इमारतीतली सगळी म्युझियम सेंट्रल एसी करून टाका, फॉरेनला बघा कसं गारेगार असतं. खाली अंगठ्यांची रांग. आणि मला टॅग, कारण फॉरेनला मी.

बरं, फॉरेनचंच सांगते. मी केंटमध्ये राहते, शनिवारी नॅशनल ट्रस्टच्या (इथली जुनी घरं जपणारी संस्था) एका जुन्या घरात रूम गाइड म्हणून उभी असते. आत थर्मल, वर कार्डिगन, त्यावर फ्लीस, तरी नोव्हेंबरात बोटं बधिर. हीटिंग आहे हो, पण ते माणसांसाठी नाही, सामानासाठी. थर्मोस्टॅटच्या जागी ह्युमिडिस्टॅट, म्हणजे हवा दमट झाली की चालू, कोरडी झाली की बंद, मग मी कुडकुडले तरी चालेल. आर्द्रता साधारण 50 ते 65 टक्क्यांत राहिली पाहिजे, बाकी कुणाला काही पडलेलं नाही. ओल्या जुलैत कधी रेडिएटर गरम लागतो आणि लोक विचारतात तुम्हाला वेड लागलंय का. ब्लाइंड्स अर्धे खाली, कुणी बसू नये म्हणून खुर्चीवर पाइनकोन. केंटमधल्याच नोलसारख्या अवाढव्य जुन्या घरात तर दाखवायच्या खोल्यांना हीटिंगच नव्हतं, हल्लीच्या दुरुस्तीत आलं तेही असंच, सामानासाठीचं.

मग हे एसीचं खूळ आलं कुठून? महायुद्धात नॅशनल गॅलरीची चित्रं 1941 मध्ये वेल्समधल्या मानोडच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली. आत 17 डिग्री, आर्द्रता 42 टक्के, दिवसरात्र तेवढंच. लाकूड फुगेना, आकसेना, रंगाचे पोपडे सुटायचे जवळजवळ थांबले, आणि लंडनला परत आणल्यावर पुन्हा सुरू. तेव्हापासून गॅलरीत एसी. आता यातलं 'दिवसरात्र तेवढंच' सोडून लोकांनी नेमकं गार तेवढं उचललं. 2014 मध्ये तर बिझो ग्रुपमधल्या (जगातल्या मोठ्या म्युझियमच्या संचालकांचा गट) मोठमोठ्या म्युझियमनीच 16 ते 25 डिग्री आणि 40 ते 60 टक्के इतकी ढील दिली, कारण वीज आणि कार्बन कमी करायचा होता.

मुंबईत जुलैत बाहेर 29 डिग्री आणि 85 टक्के असतात. सकाळी दहाला स्प्लिट एसी लावला, सहाला वॉचमनने बंद केला, खिडक्यांच्या फटीतून बाहेरची हवा आत आली की गार पडलेल्या पितळेवर, काचेवर, लाकडावर पाणी धरतं. जूनमध्ये एसी गाडीतून उतरलं की चष्मा पांढरा होतो ना, तेच. रोज फुगा, रोज आकसा, वर बुरशी. त्यापेक्षा एसी नसलेला बरा, निदान लाकडाला सवय तरी असते! आणि आर्किटेक्ट विटेटने मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला (जीभ वळत नाही हो नव्या नावाला) व्हरांडे आणि जाळ्या काय शोभेला दिल्या होत्या?

तेवढ्यात काका आले, आपल्या पूर्वजांना सगळं कळत होतं, एसी लागतोच कशाला. काका, पूर्वजांनी वाडा राहायला बांधला, शंभर वर्षांची पैठणी काचेत टांगायला नाही. नाजूक वस्तूंना घट्ट बंद शोकेस, आत सिलिका जेल, आणि माणसांना पंखे. एवढं केलं तरी पुष्कळ होतं.

यावर भावाचा एका ओळीचा रिप्लाय: वाडा विकताना कुठे गेली होती ही अक्कल?

साताऱ्याचा आमचा वाडा. बिल्डरला दिला, माझ्या वाट्याचे पैसे इथल्या घराच्या डिपॉझिटला लागले, हे ग्रुपवर सगळ्यांना माहितीय. त्याने लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, पण खोटं काय लिहिलंय? इथे मला कुणी विचारलं की हा पडदा कधीचा, तर कागद न बघता सांगते, त्याचं दमास्क (विणीतच नक्षी असलेलं कापड) कुठून आलं तेही सांगते. आमचा माजघराचा दरवाजा कधीचा होता ते आईला विचारावं लागेल, आणि ती म्हणेल आता कशाला. शनिवारी फ्लीस घालून दुसऱ्यांच्या पडद्याची राखण करायला मी चाळीस मिनिटं ड्राइव्ह करते, ते नुसतं हौसेने असावं असं मलाही वाटत नाही.

ते काही असो, भावाचं म्हणणं तरी चूकच आहे. टेंडर काढायच्या आधी तापमान आणि आर्द्रता नोंदवत राहणारे चार डेटा लॉगर लावा, एक अख्खा पावसाळा जाऊ द्या, आकडे बघा, आणि रात्रभर एसी चालू ठेवून त्याचं बिल कोण भरणार ते आधी लिहून द्या.