गाडी कुठली यापेक्षा उतरवते कुठे

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रात ठरलेला वाद सुरू होतो. ट्रॅव्हल्सवाले तिकीट दुप्पट करतात, रेल्वेला वेटिंग, एसटीत उभं राहायला जागा नाही, त्यापेक्षा आपली गाडी काढलेली बरी. मग कुणीतरी म्हणतंच, युरोपात बघा. जर्मनीतल्या म्यूनिकमध्ये बसून सांगतो, जरूर बघा, पण तिकिटाच्या मागची बाजूही बघा.

म्यूनिक ते बर्लिन घ्या, रस्त्याने सुमारे ५८५ किलोमीटर. आयसीई म्हणजे इथली वेगवान रेल्वे; त्यातली सगळ्यात जलद गाडी चार तासांत पोचवते. फ्लिक्सबस ही खासगी बस सात-आठ तास घेते. ‘डॉइचलांडटिकेट’ हा महिन्याचा पास आयसीईत चालत नाही. त्यावर साध्या गाड्या बदलत गेलात तर नऊ-दहा तास धरा. मोटार १०० किलोमीटरला ७ लिटर पीत असेल आणि पेट्रोल पावणेदोन युरो लिटर धरलं, तर एका बाजूला ७२ युरो. मोटारींना टोल नाही. चौघं असाल तर माणशी १८, मग कुणी आयसीईची तिकिटं शोधत बसत नाही. एकटे असाल तर महिनाभर आधी काढलेलं रेल्वेचं तिकीट बहुधा स्वस्त पडतं.

इथे वेटिंग लिस्ट नाही, याचं आपल्याकडे फार कौतुक. कारण साधं आहे: आयसीईचं तिकीट म्हणजे जागा नव्हे. जागेचे पाच-साडेपाच युरो वेगळे भरायचे, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी दारापाशी बॅगेवर बसून जायचं. वेळेचंही तसंच. २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे उशीर धरतच नाहीत. रद्द झालेली गाडी तर हिशेबातच नाही! म्हणून अ‍ॅपने सुचवलेली आठ मिनिटांची गाडीबदल घेऊ नये, अर्धा तास ठेवावा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढावा. मग पोचायला २० मिनिटं उशीर होणार असं दिसलं की सवलतीच्या तिकिटाचं त्या ठरावीक गाडीचं बंधन सुटतं आणि पुढची कुठलीही गाडी पकडता येते. ६० मिनिटं उशीर झाला तर पाव भाडं परत, १२० झाली तर अर्धं. तेच दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून जोडली आणि मधली गाडी चुकली, तर दुसरं तिकीट वाया.

आपल्याला घेण्यासारखं आहे ते बसबाबत. २०१३ पर्यंत इथल्या कायद्याने रेल्वेला सांभाळण्यासाठी देशांतर्गत लांबच्या बस जवळपास अडवून धरल्या होत्या. मग परवानगी दिली, पण अट घालून: दोन थांब्यांत ५० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर हवं, आणि त्या टप्प्यावर लोकल रेल्वे असेल तर तिला एक तासाहून जास्त लागत असावा. त्यामुळे गावातल्या बसचे प्रवासी पळवता येत नाहीत. वेळापत्रक मंजूर करून घ्यावं लागतं, आणि बसस्थानकात उभं राहण्याचे पैसे कंपनी भरते. म्यूनिकचं बसस्थानक लोकलच्या हाकरब्र्युकं स्टेशनला लागून आहे. कोलोन शहराने मात्र या बस मध्यवस्तीपासून दूर विमानतळावर धाडल्या, तेव्हा तिथलं स्वस्त तिकीट घेताना पुढच्या लोकलचे पैसे आणि अर्धा तास धरावा.

आपल्याकडे टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत प्रवासी घेणं-सोडणं, एसटीची. ट्रॅव्हल्सकडे कंत्राटी परवाना, म्हणजे एक गट उचलायचा आणि ठरल्या ठिकाणी सोडायचा. प्रत्यक्षात एकेक सीट विकली जाते. आणि कागदावर टप्प्याची बस नसल्याने तिला स्टँड नाही. म्हणून पहाटे चारला पुण्याजवळ वाकडच्या पुलाखाली पिशव्या सांभाळत माणसं उभी, आणि रिक्षावाला सांगेल तो भाव. २०१८ साली सरकारने खासगी भाड्याला एसटीच्या दीडपट अशी मर्यादा घातली. दर दिवाळीला ती मोडते, दर दिवाळीला भरारी पथकांची बातमी येते. माझ्या मते भाड्यापेक्षा आधी थांबा ठरवावा: रात्री ओस पडणाऱ्या एसटी स्थानकात फलाट द्यावा, पैसे घ्यावेत, वेळ फलकावर लावावी. एसटीचे प्रवासी पळतील हा आक्षेप खरा आहे. त्यासाठीच किमान अंतराची अट.

आता उलटी बाजू. म्यूनिकभोवतीच्या बवेरिया प्रांतातल्या खेड्यात बस शाळेच्या वेळेला धावते आणि शाळेला सुटी लागली की ती आटते. काही ठिकाणी तासभर आधी फोन करून बस बोलवावी लागते. ६३ युरोंचा तो डॉइचलांडटिकेट पास तिथे खिशात असून नसल्यासारखा, म्हणून दारात मोटार असतेच. आपल्या मुक्कामी एसटीसारखं, रात्री गावात थांबून पहाटे तिथूनच निघणारं, इथे काही पाहण्यात नाही. वंदे भारत आणि समृद्धीच्या चर्चेत ही मुक्कामी गाडी कुणाच्या तोंडी नसते. ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपायची सोय नाही म्हणून ती बंद झाली, की तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या तासाला पोचणारी मुलं वडापच्या, म्हणजे खासगी जीपच्या, टपावर दिसायला लागतात.