‘एसीत बसून हेडफोन लावणारे’: तासगावच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी तिचा सारांश: मी सीमा सुरक्षा दलात वायरलेसवर होतो, म्हणजे एसीत बसून हेडफोन लावून पगार घेतला. सीमेबद्दल लिहायचा हक्क गस्त घालणाऱ्यांचा. आता खिशाखिशात मोबाईल आहे, मग ही पदं हवीत कशाला? आणि तुमच्या आयटीआयवाल्या पुतण्यासारख्या पोरांना मी उगाच या नोकरीच्या नादी लावतोय.

गस्तीवरच्या जवानाचं काम माझ्यापेक्षा अवघड, यात वादच नाही. एसीही होता, पण वायरलेसच्या सेटसाठी! राजस्थानच्या उन्हाळ्यात माणूस कसाबसा तग धरतो, इलेक्ट्रॉनिक्स धरत नाही. तोही मुख्यालयात. बीओपीवर, म्हणजे अगदी सीमेवरच्या चौकीत, पंखा फिरला तरी नशीब.

मोबाईलचं मात्र नीट ऐका. सीमेजवळ टॉवर उभारताना सिग्नल हद्दीपाशी जाईपर्यंत विरत गेला पाहिजे, अशी अट कंपन्यांच्या परवान्यातच असायची. म्हणजे जिथं गस्त, तिथंच रेंज नसायची. बांगलादेशाच्या बाजूला तर उलट त्यांचंच नेटवर्क फोनवर उमटतं. आणि टॉवर म्हणजे दुसऱ्याची वीज, दुसऱ्याचं डिझेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा वीज गेल्यावर फोनचं काय झालं ते सांगलीकडच्या माणसाला मी काय सांगावं? वायरलेसला मध्ये कोणी लागत नाही. सेट, बॅटरी, तार (म्हणजे अँटेना), झालं.

त्या तारेतच आमची निम्मी नोकरी. जवळच्या बोलण्याला व्हीएचएफ, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीच्या रेडिओ लहरी. ते साधारण नजरेच्या टप्प्यात चालतं. अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा मनोरा उगाच नाही उभा केला. जैसलमेरकडं अजिंक्यतारा कुठून आणणार? मग मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, उभारायचा आणि ताण-दोऱ्या रेतीत रोवायच्या, ज्या रेतीत खुंटी धरतच नाही. लांबच्या बोलण्याला एचएफ, म्हणजे त्याहून कमी फ्रीक्वेन्सीच्या. त्याच्या लहरी वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावर, आपटून खाली येतात, आणि ते आयनांबर दिवसा एक, रात्री दुसरं. दुपारी खणखणीत चालणारी फ्रीक्वेन्सी अंधार पडला की मरते, कमी फ्रीक्वेन्सीवर उतरावं लागतं. ७ मेगाहर्ट्झ धरा (खरे आकडे इथं लिहिणार नाही), डायपोल, म्हणजे मधून जोडलेली आडवी अँटेनाची तार, साधारण वीस मीटरचा. फ्रीक्वेन्सी निम्मी केली की तार दुप्पट, चाळीस मीटर. म्हणून दिवसाची तार वेगळी, रात्रीची वेगळी. आँधी आली की उडत्या वाळूनं अँटेनावर स्थिर वीज साठते, हेडफोनमध्ये नुसता करकराट. तेव्हा केबल सेटपासून सोडवायला धावायचं, नाहीतर सेटच जायचा. कोरड्या रेतीत अर्थिंग, म्हणजे सेटची जमिनीशी जोडणी, नीट मिळत नाही, म्हणून खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायचं. तिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, तेव्हा ते ओतताना लोक कसे बघतात विचारू नका. कच्छच्या रणात उलटी गत, मीठच सगळं खातं. कनेक्टर हिरवे पडतात, वरून धडधाकट दिसणारी केबल आतून गेलेली असते.

‘आता कॅमेरे आलेत’ असंही तुम्ही लिहिलंय. आलेत, चांगलं आहे. आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते तिथं ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात कुंपण घालायची सोयच नाही, सगळी पात्रं आणि चर, म्हणजे नदीतली वाळूची बेटं. तिथं मार्च २०१९ मध्ये कॅमेरे, सेन्सर आणि मायक्रोवेव्ह लहरींवरच्या संदेशवहनाची व्यवस्था सुरू झाली. ती उभी करायचं काम दलाच्याच तांत्रिक शाखेनं हाती घेतलं होतं. कॅमेऱ्याला दिसलं, पण बोटीवरच्या गस्तीच्या तुकडीला वेळेत कळलं नाही, तर त्या दिसण्याचा उपयोग शून्य.

आणखी एक. आमचं दल १९६५ मध्ये उभं राहिलं ते गृह मंत्रालयाखाली. ते लष्कर नव्हे. पकडलेला माणूस पोलिसांकडं द्यायचा, माल बहुतेकदा कस्टमकडं. खटला आम्ही चालवत नाही. तेव्हा कुठल्या गस्तीनं किती वाजता काय कळवलं, कंट्रोलनं काय उत्तर दिलं, हे लॉगबुकात मिनिटासकट लागतं. रात्री तीन वाजता, डोळे मिटत असताना, ते हातानं लिहिणारा ऑपरेटरच असतो.

आता पुतण्या. नादी मी कोणालाच लावत नाही, जे आहे ते लिहितो. हेड कॉन्स्टेबल रेडिओ ऑपरेटर किंवा रेडिओ मेकॅनिक, सातव्या वेतन आयोगात लेव्हल चार, मूळ पगार २५,५०० पासून. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, नाहीतर दहावीवर योग्य ट्रेडचा आयटीआय. रायफल सगळ्यांना शिकावी लागते आणि धावणंही चुकत नाही. वाईट बाजू: घर वर्षातून रजेपुरतं, बदली कुठंही, आणि २००४ नंतर भरती झालेल्यांच्या पेन्शनचं भांडण वर्षानुवर्षं चाललंय. ते त्याला आधी सांगा, मग पगाराचं. ट्रेड रेडिओ-टीव्ही किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल तर मेकॅनिकच्या जागेला बसतो. दुसरा असेल तर कोणता ते इथंच कळवा, जाहिरातीशी ताडून सांगतो.