आचारसंहितेने लिनक्स बुडालं नाही

"२०१८ मध्ये लिनक्स कर्नेलवर आचारसंहिता लादली. तेव्हापासून चुकीला चूक म्हणायची सोय राहिली नाही, दर्जा घसरला, चांगले लोक निघून गेले." लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल, आणि तो लिहिणाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागावं याचे नियम म्हणजे ही संहिता. तिच्याबद्दलचा हा मजकूर दर काही महिन्यांनी पुन्हा फिरायला लागतो. नवी मुलं तो खरा मानून पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवण्याआधीच कचरतात, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

आधी 'लादली'बद्दल. १६ सप्टेंबर २०१८ ला कर्नेलची ४.१९-आरसी४ ही चाचणी आवृत्ती जाहीर करताना लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ रजा घेतली, आणि त्यांच्याच संमतीने नवी संहिता आत आली. बाहेरच्या कुणी ती आणून बसवली नाही. २०१५ पासून 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' हा वागणुकीबद्दलचा जुना दस्तऐवज होताच, त्यातही तक्रारीची सोय होती. एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: हा बदल आधी खुल्या चर्चेला ठेवला नव्हता. जिथे दोन ओळींचा पॅचही चारचौघांनी तपासल्याशिवाय आत जात नाही, तिथे हे खटकणारच. संहितेचा अर्थ सांगणारा दस्तऐवज ४.१९ बाहेर पडता पडता जोडला. तो पहिल्याच दिवशी हवा होता.

आता 'चूक दाखवता येत नाही'. माझ्या एका पॅचमध्ये मी म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, म्हणजे लॉक) घेतला होता, पण एरर आल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवर तो सोडायचा राहिला होता. मेंटेनरने (कोडचा तो भाग सांभाळणाऱ्याने) त्या ओळीवर बोट ठेवलं: "इथून परतलात तर लॉक तसाच राहील. आवृत्ती २ पाठवा." पॅच नाकारला गेला, एकही शब्द मऊ केलेला नव्हता, आणि माझी अक्कल काढायची गरज कुणाला पडली नाही. संहिता एवढंच मागते. ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द टॉरवाल्ड्स यांनी ६.१७ साठी उशिरा आलेला रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठीचा कोड 'कचरा' म्हणून परत पाठवला. परखडपणा कुठे गेलेला नाही.

'नाराज लोक आपला कोड काढून घेतील' अशीही हूल तेव्हा उठली होती. जीपीएल २ या कर्नेलच्या परवान्याखाली एकदा दिलेला कोड, अटी पाळणाऱ्याकडून मन बदललं म्हणून परत मागायची तरतूद त्या परवान्यात नाही. तसं काही घडलंही नाही.

दर्जाचं म्हणाल तर, ज्या ४.१९ च्या काळात संहिता आली तीच आवृत्ती पुढे डिसेंबर २०२४ पर्यंत सांभाळली गेली. ६.१ मध्ये रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा आली, ६.१२ मध्ये वर्षानुवर्षं रखडलेलं रिअल-टाइमचं (ठरलेल्या वेळेत हमखास प्रतिसाद देण्याचं) काम मुख्य कर्नेलमध्ये पोचलं.

राहिले 'गेलेले चांगले लोक'. त्या माफीतच टॉरवाल्ड्स यांनी, आपल्या वागण्याने दुखावलेल्या आणि कदाचित कर्नेलचं काम कायमचं सोडून गेलेल्या लोकांचा उल्लेख केला होता. ते सगळे संहिता येण्याआधी गेले होते.