टफन्ड काच विकताना अर्धीच गोष्ट सांगितली जाते

'टफन्ड आहे हो, काही होत नाही हिला.' टीपॉय असो, शॉवरचं दार असो की काचेची शेगडी, विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं असतं. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यावर विश्वास ठेवून माणसं निर्धास्त होतात. टफन्ड काच फुटते. साध्या काचेच्या चार-पाच पट जोर ती सोसते हे खरं. पण तिची खरी सुरक्षितता फुटल्यानंतरची आहे. साधी काच फुटली की सुरीसारखे लांब टोकदार तुकडे निघतात, टफन्ड काचेचा बारीक, बऱ्यापैकी बोथट तुकड्यांचा चुरा होतो. खोल जखमेऐवजी ओरखडे आणि छोटे काप, एवढाच तिचा दिलासा आहे. तो मोठाच आहे, मी तो कमी लेखत नाही. पण तेवढंच सांगा ना गिऱ्हाइकाला.

ही काच तयार कशी होते ते एकदा समजलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. काच आधी हव्या त्या मापात कापतात, भोकं पाडतात, कडा घासून घेतात. मग भट्टीत ६२० ते ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडून झपाट्याने गार करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा अजून गरमच असतो. नंतर गाभा गार होताना आक्रसू पाहतो आणि आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागाला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. काच तडकते ती पृष्ठभागावरची एखादी सूक्ष्म चीर ताणाने उघडली की. इथे दाबामुळे ती चीर मिटलेलीच राहते. पूर्ण टफन केलेल्या काचेत पृष्ठभागावरचा हा दाब किमान ६९ मेगापास्कल असावा, असा अमेरिकी मानकाचा निकष आहे. दाबाचा थर मात्र प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांशच असतो. म्हणजे ५ मिलिमीटरच्या काचेत जेमतेम एक मिलिमीटर.

चीर त्या एक मिलिमीटरच्या पलीकडे गेली की संपलं. गाभ्यात कोंडलेला ताण क्षणात मोकळा होतो आणि तडे सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने सगळ्या काचभर पसरतात. म्हणून टफन्ड काचेला एक तडा गेलाय आणि बाकीची शाबूत आहे, असं दृश्य दिसत नाही. एक तर अख्खी, नाहीतर चुरा. म्हणूनच ती नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. 'थोडी घासून बसवून देतो' असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

हा स्वभाव माणसाला साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की शेपटीवाला मणी तयार होतो. प्रिन्स रूपर्टने १६६०च्या सुमारास ते इंग्लंडच्या दरबारात दाखवले, म्हणून त्यांना रूपर्टचे थेंब म्हणतात. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो, आणि बारीक शेपटी चिमटीत मोडली की सगळ्याचा भुगा होतो. पुढे १८७४ मध्ये फ्रान्सच्या रॉयर द ला बास्तीने तापलेली काच गरम तेल-चरबीत बुडवून कडक करण्याची रीत पेटंट केली. त्या काचेचे पेले कोणी हात न लावता फुटल्याच्या तक्रारी त्याच काळातल्या आहेत. तेव्हा 'आम्हाला असं कधी ऐकायला मिळालं नाही' हे आजच्या कंपन्यांनी तरी म्हणू नये.

घरातल्या काचेची शेपटी म्हणजे तिची कड. मधोमध बुक्की मारा, बहुधा काही होणार नाही. कोपऱ्याला एखादा टोकदार, कठीण पदार्थ नेमका लागला तर मात्र हलक्या टोल्यानेही चुरा होतो. शॉवरच्या दारांचं हे पक्कं दुखणं आहे. बिजागरीचा स्क्रू जास्त आवळला, धातू आणि काचेच्या मधला रबराचा वॉशर झिजला किंवा बसवताना राहूनच गेला, दार खाली लोंबून फरशीला घासायला लागलं, की दर उघडझापीला कडेवर थोडा थोडा मार बसत राहतो. मग एक दिवस नुसतं दार ओढायला जावं आणि हातात फक्त मूठ राहावी. सिरॅमिक टाइल काचेपेक्षा कठीण असते. उतरवलेलं दार उघड्या टाइलवर कोपऱ्यावर टेकवणाऱ्या माणसाला काचकाम येत नाही, असं मी बिनदिक्कत म्हणेन. खाली लाकडी पट्टी किंवा जाड पुठ्ठा हवाच.

टफन केल्याने काच ओरखड्यांना दाद देत नाही, हाही एक गैरसमज. पृष्ठभागाची कठीणता जवळपास पूर्वीइतकीच राहते. वाळूचा कण काचेपेक्षा कठीण, तो टफन्ड काचेलाही ओरखडतोच. (मोबाइलच्या स्क्रीनगार्डवर '९एच' छापलेलं असतं ना, तो पेन्सिलींच्या कठीणतेचा आकडा आहे. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या 'मोह्स' श्रेणीवरचा ९ म्हणजे माणकाची कठीणता, त्याच्याशी याचा संबंध नाही. पण विकणारा तसं भासवून जातो.)

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण इथे मला जास्त काळजी वाटते. ओव्हनमध्ये ठेवायची काचेची भांडी दोन जातींची असतात. एक बोरोसिलिकेट काच, जी तापल्यावर फार कमी प्रसरण पावते. दुसरी सोडा-लाइम काच, म्हणजे खिडकीच्या काचेच्या कुळातली, उष्णतेने कडक केलेली. तिचं प्रसरण बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट. दुकानात शेजारी शेजारी ठेवली तर वरवर पाहून फरक ओळखणं कठीण. २०१२ मध्ये अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकात ब्रॅट आणि मार्टेन्स यांचा या विषयावर लेख आला होता. तापमानात अचानक किती फरक पडला तर काच तडकू शकेल, याचा त्यांचा हिशेब असा: सोडा-लाइमसाठी सुमारे ५५ अंश सेल्सिअस, बोरोसिलिकेटसाठी सुमारे १८३ अंश. कडक केल्याने सोडा-लाइमची बाजू थोडी सावरते, पण त्या भांड्यांतला दाब सगळा धोका भरून काढण्याइतका नसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि दाब कमी असला की फुटल्यावर बारीक चुराही होत नाही, मोठे धारदार तुकडे उडतात. म्हणजे जो एक दिलासा म्हणून टफन्ड घ्यायची, तोही तिथे पूर्ण मिळत नाही.

उत्पादकांचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. हातातून पडणं, आपटणं यांत कडक केलेली सोडा-लाइम जास्त तग धरते, आणि स्वयंपाकघरात भांडी आपटतातच. मग हेच खोक्यावर लिहा. कुठली काच आहे, तापमानात एका झटक्यात किती फरक चालेल, हे दोन शब्द आणि एक आकडा छापायला जागा लागते ती किती? प्रत्यक्षात खोक्यावर 'ओव्हन सेफ' असं ठळक अक्षरांत असतं, आणि गरम भांडं ओल्या किंवा गार ओट्यावर ठेवू नका, ओव्हन आधी पूर्ण तापू द्या, तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, हे आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत. काचेच्या शेगडीचंही तसंच. बर्नरपेक्षा खूपच मोठं भांडं ठेवलं की आच आणि उष्णता त्याखाली कोंडून काचेवर उलटते. अशा तापल्या काचेवर गार पाणी सांडलं किंवा कोणी ओलं फडकं फिरवलं, तर फुटण्याचा धोका खराच आहे. हे विक्रेत्याने तोंडाने सांगायला हवं.

आणि आता ती गोष्ट, जी कोणी मान्यच करत नाही: काच खरोखर आपोआप फुटू शकते. आमच्या टीपॉयची काच एका दुपारी फुटली. जवळ कोणी नव्हतं, वर काही नव्हतं. मोठा आवाज झाला, आणि मग बराच वेळ तुकड्यांमधून बारीक कडकड ऐकू येत राहिली, कारण एकमेकांना चिकटून राहिलेली ढेकळं अजून तुटत होती. ती ढेकळं उचलायला जाल तर हाताला लागतात, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. कंपनीच्या माणसाने जागेवर येऊन, खोलीभर नजर टाकून निकाल दिला: 'काहीतरी जड ठेवलं असणार.' त्याने एकही तुकडा उचलून पाहिला नाही.

तुकडे पाहायला हवे होते. काचेत निकेल सल्फाइडचे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान खडे कधी कधी राहून जातात. ३७९ अंशांच्या वर त्यांची स्फटिकरचना एक असते, खाली दुसरी, आणि दुसऱ्या रचनेत त्यांचं आकारमान दोन ते चार टक्क्यांनी वाढतं. साधी काच सावकाश गार होते, त्या खड्याला बदलायला वेळ मिळतो. टफन्ड काच झटक्यात गार केल्याने तो जुन्याच रचनेत अडकतो आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, हळूहळू फुगत राहतो. ताणाखालच्या गाभ्यात असला की एक दिवस तिथूनच तडा सुटतो. ऑस्ट्रेलियात बॅलंटाइन यांनी १९६१ मध्ये हे कारण शोधून काढलं. अशा काचेत फुटण्याच्या मूळ जागी शेजारी शेजारी दोन मोठे तुकडे दिसतात, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि त्यांच्या मधल्या रेषेवर तो खडा सापडू शकतो.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. टफन केलेली काच पुन्हा साधारण २५० ते २९० अंशांवर काही तास तापवून ठेवायची. ज्या काचेत खोट आहे ती बहुतांशी तिथेच, कारखान्यात फुटते. याला हीट सोक चाचणी म्हणतात. शंभर टक्के खात्री ती देत नाही, पण धोका खूप कमी करते. मोठ्या इमारतींच्या दर्शनी काचांसाठी ती मागितली जाते. घरातल्या जाड टेबलटॉपसाठी, आंघोळीला माणूस उघड्या अंगाने उभा असतो त्या दारासाठी का मागू नये? आणि डोक्यावरच्या काचेसाठी, जिन्याच्या कठड्यासाठी नुसती टफन्ड नकोच, लॅमिनेटेड हवी. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असला की तुकडे त्यालाच धरून राहतात.

घेताना काचेच्या कोपऱ्यातला न पुसला जाणारा शिक्का शोधा. उत्पादकाचं नाव आणि मानकाचा क्रमांक त्यात असायला हवा. चिकटवलेलं लेबल मी पुरावा मानत नाही. पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाचा उजेड पडलेल्या काचेकडे तिरकं पाहिलं तर टफन्ड काचेत बऱ्याचदा ठिपके किंवा गडद पट्टे दिसतात, ते हवेच्या झोतांच्या खुणा. कडेवरून बोट फिरवू नका, नखाने हलकेच चाचपा. टवका उडालेला असेल तर तो नग नको. युरोपीय मानकानुसार ४ ते १२ मिलिमीटर जाडीची टफन्ड काच फोडल्यावर ५० मिलिमीटरच्या चौरसात किमान ४० तुकडे मोजता आले पाहिजेत. तुमची काच फुटलीच आणि तळहाताएवढे तुकडे सुटे पडले, तर ती नीट टफन केलेली नव्हती, असा संशय घ्यायला पूर्ण जागा आहे.

त्यामुळे फुटली तर लगेच झाडू फिरवू नका. पायात चपला घाला, लहान मुलांना बाहेर काढा, आधी फोटो घ्या, तडे जिथून सुरू झाल्यासारखे दिसतात तिथली ढेकळं जाड हातमोजे घालून डब्यात ठेवा. आणि तक्रार नोंदवताना लेखी विचारा: ही काच हीट सोक केलेली होती का, आणि मूळ जागेचे तुकडे तुम्ही तपासणार आहात का. 'काहीतरी ठेवलं असणार' हे उत्तर आलं, तर ते कशावरून, हेही लेखीच मागा.